शिवारातील शिळावर्तुळे : विदर्भाची एक विसरलेली स्मशानभूमी

देवालयाचा जीर्णोद्धार काढला की गावात पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा दगडाचा. पैशाचा प्रश्न देणगीदारांच्या औदार्याने सुटतो. दगडाचा प्रश्न पूर्वी त्याहून सोपा वाटे, कारण नागपूरच्या आसपासच्या कितीतरी गावांच्या शिवारात चांगले घट्ट, काळे, गाडीत घालण्याजोगे गोटे बरडावर आयतेच पडलेले असत. कोणी लावलेले नाहीत, कोणाच्या मालकीचे नाहीत, असे समजून विहिरीच्या बांधकामाला, गोठ्याच्या भिंतीला, शेताच्या धुऱ्याला आणि प्रसंगी देवळाच्या जोत्यालाही ते नेले गेले. परंतु हे गोटे कोणीतरी लावलेले आहेत. ते सुमारे अडीच ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वी याच मातीत राबणाऱ्या माणसांनी, आपल्या मृतांच्या भोवती, मुद्दाम गोलाकार मांडून ठेवले आहेत. देवालयाचा इतिहास या स्मरणिकेत अन्यत्र आलेलाच आहे. येथे त्या देवालयाहून पुष्कळ जुन्या असलेल्या, परंतु गावाच्या कोणत्याही दप्तरात ज्याची नोंद नाही अशा या वारशाची हकीकत दिली आहे.

या गोल मांडणीला अभ्यासक शिळावर्तुळ म्हणतात आणि ती मांडणाऱ्या लोकांच्या काळाला बृहदश्मयुग किंवा महापाषाणयुग असे नाव आहे. नावे जड आहेत, वस्तू मात्र ओळखीची आहे. नागपूरहून काटोलच्या वाटेला लागले की शहर संपता संपता जुनापाणी लागते. तेथील माळावर अशी सुमारे तीनशे वर्तुळे असल्याची नोंद आहे. त्याच वाटेवर पुढे माहुरझरी आहे. बुटीबोरीच्या बाजूस टाकळघाट व खापा (हा खापा सावनेर तालुक्यातील गावाहून निराळा), हिंगण्याकडे रायपूर, पेंच नदीच्या काठी नैकुंड, शिवाय भागीमोहारी, बोरगाव अशी किती नावे सांगावीत! महाराष्ट्रातील अशी स्थळे बहुतेक सर्व विदर्भातच आहेत आणि त्यांतही नागपूर जिल्ह्यात त्यांची दाटी सर्वांत अधिक आहे. पुणे, सातारा, कोकण या भागांतील माणसाला हा प्रकार पाहण्यासाठी इकडे यावे लागते.

वर्तुळाचा व्यास लहान असला तर वीस फूट, मोठा असला तर पन्नास-साठ फुटांपर्यंत जातो. आत माती व गोट्यांचा थोडा उंचवटा असतो. इंग्लंडातील स्टोनहेंजची चित्रे शाळेच्या पुस्तकात असतात, त्यात दगड पुरुषभर उंचीहून कितीतरी मोठे उभे दिसतात. विदर्भातले दगड तसे उभे नाहीत, बसके आहेत. पावसाळ्यात तरोटा आणि गवत माजले की डोळ्यांना काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात माळ उघडा पडला की सकाळच्या तिरप्या उन्हात एकामागून एक कड्या उमटू लागतात. गुराख्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. लोकांत ही वर्तुळे गवळी राजांच्या नावावर जमा होती. त्यांच्या गाईगुरांच्या दावणी येथे होत्या, असेही सांगितले जाई. ही समजूत चुकीची असली तरी अगदी बिनबुडाची नाही, हे पुढे दिसेल.

शिळावर्तुळांकडे जिज्ञासेने पाहणाऱ्या पहिल्या काही माणसांत नागपूरचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घ्यावे लागते. १८४५ मध्ये ते नागपुरास आले, शाळा काढली, येथील खडक व जीवाश्म यांचा अभ्यास केला आणि गोंडांच्या भाषेची व परंपरेची टिपणे केली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८६३ च्या सप्टेंबरात ते मध्य प्रांताचे त्या वेळचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. खोदकाम पाहून मंडळी परतली, हिस्लॉप मात्र गावातली शाळा तपासण्यासाठी मागे थांबले. तिन्हीसांजेला एकटेच घोड्यावर बसून ते बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. दिवस पावसाचे होते आणि वाटेतला नाला फुगलेला होता. मुक्कामावर घोडा पोहोचला तो स्वाराविना. शोध करता हिस्लॉप पाण्यात बुडाल्याचे कळले. तो दिवस ४ सप्टेंबरचा. त्यांचे कागद पुढे टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, त्यात गोंडांच्या लिंगो देवाचे गीत आहे. विदर्भाच्या जुन्या इतिहासाच्या अभ्यासाची सुरुवात अशी एका नाल्याच्या काठी एका माणसाच्या मरणाने झाली, ही गोष्ट नागपुरातही थोड्यांनाच माहीत असते.

चारच वर्षांनी, १८६७ मध्ये, कामठीच्या छावणीतील पिअर्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने छावणीजवळचे वारेगावचे मोठे वर्तुळ खोदले. त्यातील वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या आणि आजही तेथेच आहेत. त्याच सुमारास रिव्हेट-कारनॅक या मुलकी अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे उकरली व त्याची हकीकत १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. या गृहस्थांकडे मूळ काम कापसाच्या खात्याचे. वऱ्हाड-नागपूरच्या कापसासाठी हिंडता हिंडता त्यांना दगडांचे वेड लागले. काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे बारीक खळगे आहेत, ही गोष्ट त्यांच्याच नजरेने टिपली. तसेच खळगे स्कॉटलंडातील दगडांवर आहेत, हे त्यांना ठाऊक होते. मग काय विचारता! युरोपातील आणि नागपुरातील वर्तुळे एकाच भटक्या वंशाच्या लोकांनी केली असावीत, असा तर्क त्यांनी धावत केला. आज तो कोणी मानीत नाही. तथापि त्यांनी मोजमापे लिहून ठेवली, आकृत्या काढल्या, एवढ्यासाठी त्यांचे ऋण मानले पाहिजे.

या साहेब मंडळींच्या खोदकामाला आजच्या अर्थाने उत्खनन म्हणता येत नाही. मजूर लावायचे, मध्यभागी खड्डा घ्यायचा, लोखंड-तांबे निघाले की वर काढायचे, अशी ती रीत. शास्त्रशुद्ध काम व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे खोदली. त्यानंतर खरा जोर लावला तो नागपूर विद्यापीठाने व डॉ. शां. भा. देव यांनी. त्यांच्या नेतृत्वाखाली १९६७ ते १९६९ या काळात टाकळघाट-खापा आणि १९७० ते १९७२ या काळात माहुरझरी येथे उत्खनने झाली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या व राज्य पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने देव व अरविंद जामखेडकर यांनी १९७७ पासून तीन वर्षे नैकुंड खणले, आणि १९८० नंतरच्या दशकात भागीमोहारीचेही काम झाले. विदर्भाच्या या युगाविषयी जे निश्चित बोलता येते, त्यातला मोठा भाग या पंधरा-वीस वर्षांतील आहे.

वर्तुळ खोदण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. पोळीचे चार चतकोर करावेत तसे दोरी धरून वर्तुळाचे चार भाग करतात. समोरासमोरचे दोन भाग आधी उतरवतात व उरलेले दोन तसेच ठेवतात, म्हणजे मधल्या उभ्या कडेवर मातीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे वाचता येतात. कुदळीचे काम थोडे, चाकू आणि कुंचल्याचे फार. एखादा मणी सापडला तर तो मनगटाच्या हाडाजवळ होता, गळ्याजवळ होता की मडक्यात होता हे आधी कागदावर उतरते आणि नंतरच तो उचलला जातो. मणी बाजारातही मिळतो, पण तो कोठे होता ही माहिती एकदा हलली की पुन्हा मिळत नाही. हावेने उकरलेल्या वर्तुळातून वस्तू येतात, इतिहास येत नाही, असे जे पुरातत्त्वाचे लोक तळमळून सांगतात त्याचे कारण हेच.

अशा खोदण्यातून जे दिसले ते असे. प्रथम जागा साफ करून, किंवा उथळ खड्डा घेऊन, त्यात मृताच्या अस्थी व त्याच्या वस्तू ठेवल्या जात. त्यावर काळ्या चिकट मातीचा व गोट्यांचा भराव पडे. बरडावर काळी माती नसते. ती खालच्या शेतातून वर वाहून आणावी लागे, हे ज्याने डोक्यावरून माती वाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. भोवती मोठाले गोटे गोल बसवीत. दक्षिणेत, कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी जी वर्तुळे खणली, त्यांच्या पोटात फरशीच्या दगडांची पेटीसारखी खोली होती. विदर्भात तशी खोली आढळत नाही, येथे मातीचेच पांघरूण. अस्थी पुष्कळदा अपुऱ्या असतात आणि एकाच वर्तुळात एकाहून अधिक माणसांच्याही मिळतात. म्हणजे देह आधी दुसरीकडे ठेवून, नंतर उरलेल्या अस्थी वेचून येथे आणीत असावेत. दहनानंतर तिसऱ्या दिवशी अस्थी सावडणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

मृताबरोबर काय दिले जाई याची यादी वाचताना त्या माणसांचा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो. आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी अशी घोटून चकचकीत केलेली मडकी, वाडगे. तांब्याच्या बांगड्या. तांब्याची झाकणे, त्यांच्या मुठीवर पक्षी बसलेले. सोन्याची थोडी आभूषणे. तांबड्या अकीकाचे, स्फटिकाचे मणी. आणि सर्वांत जास्त लोखंड : कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, भाले, बाणांची टोके, खंजीर. माहुरझरीला तर पाते लोखंडाचे आणि मूठ तांब्याची असा खंजीर निघाला. कुऱ्हाडीला दांडा घट्ट बसावा म्हणून पात्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या आहेत, आणि ही पद्धत विदर्भाची खास खूण मानतात. ज्या लोहाराने ती युक्ती काढली त्याचे नाव कोणालाच कळणार नाही, पण कुऱ्हाड हातात धरणाऱ्याला त्याचे डोके कळते. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, विदर्भाच्या या प्राचीन वस्तूंचे दर्शन घडते. मुलांना वाघ-हत्ती दाखवून झाल्यावर पाच मिनिटे तिकडेही वळावे.

मात्र विदर्भाच्या वर्तुळांचे सर्वांत मोठे नवल निराळेच आहे. खापा, माहुरझरी, नैकुंड, रायपूर अशा ठिकाणी माणसांच्या अस्थींबरोबर घोड्याची हाडे मिळाली. घोड्याच्या तोंडातले लोखंडी लगाम मिळाले. माहुरझरीला तांब्याच्या पत्र्याचे, चामड्यावर शिवून घोड्याच्या तोंडावर बांधायचे दागिने मिळाले. पोळ्याला बैलाच्या कपाळावर जे हौसेने बांधतात तसलाच तो थाट. आणि त्या हाडांपैकी काहींवर कापल्याच्या खुणा आहेत. धनी गेला म्हणून त्याचे जनावर बळी देऊन त्याच्या सोबत पाठविले, एवढाच त्याचा अर्थ लागतो. सजवून, तांबे बांधून, मग. दक्षिण भारतात असल्या स्मशानांची संख्या प्रचंड आहे, परंतु घोड्याला एवढा मान इतरत्र फारसा दिसत नाही. विदर्भात घोडे आले कोठून, त्यांचा उपयोग लढाईसाठी होता, व्यापारासाठी की गुरांचे मोठे कळप राखण्यासाठी, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. गवळी राजांची जुनी दंतकथा बिनबुडाची नाही असे वर म्हटले ते यासाठी. गुरे बाळगणारे आणि घोड्यावर हिंडणारे धनवान लोक ही त्या दंतकथेतली आठवण नेमकी कोठून आली हे कोण सांगणार?

फार काळ अशी समजूत होती की हे लोक भटकेच होते, कारण त्यांच्या समाध्या शेकड्यांनी दिसत पण घरे दिसत नसत. टाकळघाटने ती समजूत प्रथम हलविली. खाप्याला वर्तुळे आणि जवळच टाकळघाटला त्यांच्या वस्तीचे पांढरीचे टेकाड असा जोड मिळाला. दोन्हीकडची मडकी एकच. पुढे नैकुंड व भागीमोहारी येथे घरांच्या जमिनी, चुली, धान्याचे जळके दाणे हाती आले. गहू, तांदूळ, मसूर, वाटाणा ही धान्ये त्यांच्या कोठीत होती, आणि बोरे खाऊन आठळ्या टाकण्याची सवय आजच्याइतकीच जुनी आहे. तेव्हा ते शेतकरी होते. वस्ती नदीकाठी, काळ्या जमिनीच्या कडेला, आणि समाध्या वर, जेथे मुरूम आणि दगडाशिवाय काही नाही अशा बरडावर. पिकाची जमीन मृतांसाठी अडवायची नाही, हा हिशेब त्यांनी पक्का ठेवलेला दिसतो. गावाच्या स्मशानाची जागा आजही बहुधा अशीच निवडली जाते.

नैकुंडने आणखी एक दान पदरात टाकले. तेथे लोखंड वितळविण्याची भट्टी जागेवर मिळाली. वक्र आकाराच्या मातीच्या विटा एकावर एक बसवून केलेली गोल लहानशी भट्टी, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि आसपास लोखंडाची मळी. म्हणजे कुऱ्हाडी कोठून विकत आणलेल्या नव्हत्या. पेंचेच्या काठी दगड वितळवून, ठोकून, येथल्याच कारागिरांनी त्या घडविल्या. डेक्कन कॉलेजच्या वि. द. गोगटे यांनी या भट्टीचा रासायनिक दृष्टीने अभ्यास केला. पुस्तकातील इतिहास राजांपासून सुरू होतो. विदर्भाचा वाकाटकांपासून धरला तरी नैकुंडचा लोहार त्या राजांच्या हजार वर्षे आधीचा.

आता उरते ते खळग्यांचे कोडे. जुनापाणीच्या काही दगडांवर बोटाचे टोक मावेल एवढे ते बारीक खळगे ओळीने कोरले आहेत, कोठे दोन समांतर ओळी, कोठे एकमेकींना छेदणाऱ्या. सगळ्याच वर्तुळांत नाहीत आणि ज्यांत आहेत त्यांतही सगळ्या दगडांवर नाहीत. ते कशासाठी? मुलांच्या खेळाचे पट म्हणावे तर ओळी दगडाच्या उभ्या-तिरक्या अंगावरही आहेत, तेथे कवडी टिकणार कशी? कोणी म्हणतात मृताच्या वयाची किंवा कुळाची गणती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासक व त्यांचे सहकारी यांनी अलीकडच्या काळात होकायंत्र घेऊन ते तपासले, तेव्हा हे खुणेचे दगड वर्तुळात वाटेल तेथे नसून काही ठरावीक दिशांनाच येतात, असे त्यांना आढळले. त्यावरून आकाशातील ताऱ्यांशी त्यांचा संबंध असावा असे त्यांनी सुचविले. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. दिवस-मास-ऋतू पाहिल्याशिवाय शेती होत नाही, आणि आकाश न पाहणारा शेतकरी कोणत्याच काळात नव्हता. तरी पण दगड मध्यंतरी हललेले असू शकतात, पुष्कळ नेले गेले आहेत, आणि मूठभर उरलेल्यांवरून आकाशाचा नकाशा काढणे जपून करावे लागेल. येथे पुन्हा गाडी त्याच ठिकाणी येऊन थांबते : हलवलेला दगड मुका होतो.

हे लोक होते तरी कोण, हा प्रश्न ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. त्यांनी अक्षर लिहून ठेवले नाही, त्यामुळे भाषा कळत नाही. मडकी व दफनाची रीत पाहून दक्षिणेकडील द्रविड भाषा बोलणाऱ्यांशी नाते सांगणारे पुष्कळ आहेत, तर घोड्यावर बोट ठेवून उत्तरेकडे पाहणारेही आहेत. एवढे खरे की मृतासाठी दगड उभा करण्याची रीत विदर्भातून पुरती गेलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूस माडिया लोक घरच्या मेलेल्या माणसाच्या नावाने दगड आणून रोवतात, आणि त्यासाठी नातेगोते जमते, जेवण होते. मेळघाटचे कोरकू दगडाऐवजी सागाच्या लाकडाची कोरीव फळी करतात. माडियांचे पूर्वज तेच वर्तुळे मांडणारे, असे यावरून म्हणणे उतावीळपणाचे होईल. मधली दोन-अडीच हजार वर्षे कोणी जोडून दाखविलेली नाहीत. परंतु दगड ओढून आणताना माणसे काय करतात, कोण पुढे लागतो, कोणाला मान मिळतो, हे पाहायचे असेल तर भामरागडला आजही पाहता येते, आणि जुनापाणीचा माळ त्यानंतर वेगळा दिसू लागतो. पन्नास फुटांचे वर्तुळ एका घराच्या बळावर होत नाही. सारे गाव राबलेले असते. उलट वर्तुळांची संख्या कितीही मोठी वाटली तरी काही शतकांत मेलेल्या सगळ्या माणसांना ती पुरणार नाहीत. तेव्हा हा मान सर्वांना मिळत नव्हता, काहींनाच मिळे. बाकीच्यांची माती कोठे झाली, याचा पत्ता नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे दगडाकडे. जुनापाणीसारखी काही मोजकी स्थळे केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने तेथील दगड हलविणे गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीपासून अशा स्मारकाच्या शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. परंतु कितीतरी वर्तुळांना कसलेच संरक्षण नाही. ती कोणाच्या तरी वावरात आहेत, गायरानात आहेत, झुडपी जंगलात आहेत. पूर्वी गावचा माणूस दोन-चार गोटे नेई, त्याने वर्तुळ विस्कटे पण पुसले जात नसे. आता यंत्र आले. गिट्टीच्या खदानीचे काम, रस्त्याच्या मुरुमाचे काम, शहराकडून सरकत येणारे ले-आऊट, संत्र्याच्या बागेसाठी माळ सपाट करणे, यात एका सकाळी दहा वर्तुळे जातात आणि संध्याकाळी तेथे काही होते हे सांगायलाही कोणी उरत नाही. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. ज्याला तीन एकर बरड वाट्याला आले त्याने ते तसेच ठेवावे असे सांगणे सोपे आहे, आणि सांगणारा बहुधा शहरातला असतो.

देवालयाच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी. तेथे निकड पोटाची नाही, आणि दगड विकत घेण्याइतके दातृत्व गोळा झालेले असते. जीर्णोद्धार करताना गावे काही नेम कटाक्षाने पाळतात. जुनी भंगलेली मूर्ती रस्त्यावर टाकीत नाहीत, विसर्जन करतात. देवळाचा जुना दगड शौचकूपाला लावीत नाहीत. दुसऱ्याच्या समाधीचा दगड आणून देवाच्या पायाखाली घालायचा नाही, हा त्याच नेमातला नेम आहे. केवळ समाधी कोणाची हे इतके दिवस माहीत नव्हते. कोठे कोठे वर्तुळातल्या एखाद्या दगडाला शेंदूर लागलेला दिसतो, पाडव्याला नारळ फुटतो. शास्त्रीबुवा काहीही म्हणोत, त्या शेंदराने पुष्कळ दगड वाचवले आहेत.

ज्यांच्या शिवारात अशी वर्तुळे आहेत त्यांनी ती एकदा मोजून, गटनंबरासह कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवली तरी मोठे काम होईल. गावच्या शाळेतील मुले एका रविवारी हे करू शकतात. मोजायला टेप, दिशा पाहायला होकायंत्र आणि वहीत काढायला साधा नकाशा एवढे पुरे. खळगे दिसले तर त्या दगडाचे छायाचित्र घ्यावे, खडूने मात्र ते भरू नयेत. नांगराला किंवा विहीर खणताना मडकी, लोखंड, तांब्याचा तुकडा लागला तर आणखी न उकरता तलाठ्यास किंवा तहसीलदारास कळवावे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचा कायदा १८७८ पासून आहे. वर्तुळाच्या पोटात मोहरांचा हंडा असतो अशी वदंता ऐकून रात्री खणणारे लोक अधूनमधून निघतात. त्या काळी नाणेच चालत नव्हते, तेव्हा हंड्यात मोहरा येणार कोठून? मिळालीच तर फुटकी मडकी, गंजलेली कुऱ्हाड आणि एखाद्या घोड्याची हाडे मिळतात.